उष्टे दगड

आमच्या घरात भांडण म्हणून जे काही व्हायचं ते एकाच गोष्टीवरून, दगड चाटण्यावरून. एरवी अण्णा आणि अक्का यांचं आवाज चढवून बोलणं मी कधी ऐकलं नाही. अण्णा म्हणजे माझे वडील आणि अक्का त्यांची थोरली बहीण. आई मी रांगत होते तेव्हाच गेली, मला वाढवलं ते अक्कानं. तिचं वैधव्य, तिचं सोवळं, तिचा स्वयंपाक आणि मी, एवढाच तिचा संसार होता. अण्णांना दगडांचा नाद. दगड फोडला की आतल्या ताज्या बाजूला जीभ लावायची, कारण ओलं झाल्यावर त्यातले कण उठून दिसतात, आणि रानात पाणी हाताशी नसतं. सगळे भूगर्भवाले हे करतात, मीही आयुष्यभर केलं. पण अक्काच्या लेखी जिभेला लागलेली वस्तू उष्टी, मग ती जिलबी असो की ग्रॅनाइट. अण्णांनी ओसरीवर बसून एखादा दगड तोंडाशी नेला, की आतून तिचा आवाज यायचा, "झालं का जेवण?" अण्णा दचकून दगड खाली ठेवायचे. ती आत वळली की परत उचलायचे.

घर बसवनगुडीत होतं. आमचे पूर्वज कधीकाळी सैन्याबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले, असं सांगतात. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि स्वयंपाकघरात दोन्हींची सरमिसळ. पुरणपोळीला आम्ही होळिगे म्हणत असू, आमटीला हुळी. पहिल्यांदा धारवाडला मावशीकडे गेले तेव्हा "स्वल्प भात वाढ" म्हणाले, तर मावसबहिणी आठवडाभर मला स्वल्प म्हणून चिडवत होत्या. अण्णा एका सरकारी कचेरीत नकाशे काढायच्या कामावर होते. दिवसभर दुसऱ्यांनी मोजलेल्या डोंगरांवर रेघा मारायच्या, आणि रविवारी तेच डोंगर स्वतः बघायला जायचं, असा त्यांचा आठवडा असे. त्यांच्यासारखीच आणखी काही माणसं होती. त्यांनी मिळून एक मंडळ काढलं होतं, आसपासच्या जिल्ह्यांतल्या खडकांचा अभ्यास करणारं. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं आणि ते फक्त छापील कागदावर असायचं. आम्ही नुसतं मंडळ म्हणायचो. मंडळाला स्वतःची खोली नव्हती, म्हणून सभा आमच्या ओसरीवर भरायची आणि गोळा केलेले दगड आमच्या घरात राहायचे.

सभेच्या रविवारी अक्का सकाळीच कॉफीच्या बिया भाजायला घ्यायची. तो करपट गोड वास अजून कुठे आला तर मला आधी ओसरीवरच्या चपला आठवतात. मेष्ट्रूंच्या चपला सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात नीट ठेवलेल्या असत. मेष्ट्रू म्हणजे मास्तर, मंडळाचे अध्यक्ष. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, डोक्यावर पांढरा पेटा, गळ्यात भिंगाचा काळा दोरा. लहान, सुकलेले आणि करडे गृहस्थ होते. त्यांच्यापाठोपाठ पोस्टातले नंजुंडय्या. हे अंगानं भारदस्त आणि स्वभावानं लोण्यासारखे. आणखी दोघंचौघं येत-जात असत. कुणीतरी आणलेला दगड हातोहात फिरायचा. जो तो त्याला भिंग लावायचा, मग इकडेतिकडे बघत हळूच जीभ. वाद झाला की मेष्ट्रू हात वर करायचे. मंडळाचा एक नियम त्यांनीच घालून दिलेला होता. एखाद्या दगडाबद्दल ज्यानं शंका काढली, त्यानं स्वतः जागेवर जायचं, तिथला ताजा तुकडा फोडायचा आणि जुळवून बघायचा. शंका खरी ठरली तर मंडळानं त्याचं ऐकायचं, आणि तो चुकला तर त्या दिवशी जमलेल्या दगडांची सगळी पिशवी त्यानं खांद्यावर घरी आणायची. मोठमोठ्या पगाराची माणसं ती पिशवी वाहताना मी खिडकीतून पाहिलेली आहेत. आमचे अण्णाही एकदा शिवगंगेहून खांदा चोळत आले होते, आणि वर त्याचा त्यांना आनंदच झालेला दिसत होता.

दगड मांडण्यासाठी अण्णांनी माजघरात लाकडी पायऱ्या करून घेतल्या होत्या. दसऱ्याला त्याच पायऱ्यांवर अक्का बाहुल्या मांडायची. म्हणजे वर्षभर दगड वर, आणि नवरात्रात ते खाली उतरून भिंतीशी बसायचे, वर राजाराणी, वाणी-वाणीण आणि मातीचे हत्ती. ही उतरवाउतरव माझ्याकडे होती. खाली घेताना पुसायचे, परत लावताना पुसायचे. प्रत्येक दगडावर खळीनं चिकटवलेली छोटी चिठ्ठी असे, तिच्यावर अण्णांच्या मोत्यासारख्या अक्षरात गावाचं नाव आणि दगडाचं. खळ अक्काच करून द्यायची, मैद्याची, किडा लागू नये म्हणून चिमूटभर तुरटी घातलेली. दगडांची तिनं केलेली तेवढीच सेवा. मी वाचायला शिकले ती थोडीफार या चिठ्ठ्यांवर. क्लोजपेटचा गुलाबी, हरभऱ्याएवढ्या कणांचा. चित्रदुर्गचा हिरवट, पानांच्या गड्डीसारखा उलगडणारा. सेलमचा पांढरा, जिभेला चिकटणारा. हो, मीही चाटत असे, आणि अक्कानं पाहिलं की थेट आंघोळ. संध्याकाळी अण्णा मला लालबागेतल्या खडकावर नेत. तिथे तळहात टेकवून बसायला सांगत. सूर्य गेलेला असायचा तरी खडक ऊन लागायचा. "हा फार जुना आहे," ते म्हणायचे, आणि बराच वेळ बसून राहायचे. त्या खडकाशेजारी बसलेले अण्णा मला फार आवडत.

मी इंटरच्या वर्गात होते तेव्हाची ही गोष्ट. पुढे काय, हा प्रश्न घरात आला होता. धारवाडच्या मावशीचं म्हणणं होतं की पोरीला माझ्याकडे पाठवा. तिथे ट्रेनिंग कॉलेज होतं, शिक्षिका होईल, चांगलं स्थळही त्याच बाजूला मिळेल. आई नसलेल्या भाचीबद्दल तिला वाटणारी माया खरी होती. दिवाळीला ती येणार होती आणि तेव्हा मला बरोबर नेण्याचं नक्की करायचं होतं. मला भूगर्भशास्त्र घ्यायचं होतं, इथेच, बेंगळुरूत. मी ते अण्णांना एकदा सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, हे शास्त्र घरात बसून होत नाही, रानोमाळ हिंडावं लागतं, पुरुषांबरोबर राहावं लागतं, ओझी उचलावी लागतात. तुला कोण नेईल? मी म्हणाले, तुम्ही न्या. रागावले असते तर मी भांडले असते, पण त्यांना इतकं वाईट वाटलेलं दिसत होतं की मला पुढे बोलवेना. अक्काला विचारलं तर ती म्हणाली, धारवाडच बरं. असं म्हणताना ती माझ्याकडे न बघता तांदूळ निवडत होती. मी गेल्यावर या घरात तिला बोलायला दगडच उरणार होते, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

त्या वर्षी मेष्ट्रूंच्या मनात आलं की विजयादशमीला दुपारी दगडांचं प्रदर्शन भरवावं. नाहीतरी बाहुल्या बघायला सगळी गल्ली घरोघर हिंडत असते, त्यांना खालच्या पायऱ्यांवर आपले दगड दाखवू, लोकांना कळू दे आपण कशावर उभे आहोत ते. अक्कानं हो म्हटलं. इतक्या सहज हो म्हटलं की आम्ही तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. खंडेनवमीला शस्त्रपूजा असते. आमच्याकडे शस्त्रं म्हणजे मंडळाच्या हातोड्या. सगळे सभासद आपापली हातोडी आणि होकायंत्र घेऊन यायचे, मी त्यांना हळदकुंकू लावत असे. त्या सकाळी अण्णा फुलं आणि कोहळा आणायला मार्केटात गेले, आणि अक्कानं मला बाहुल्या बघायची बोलावणी करायला पिटाळलं. मी सगळी गल्ली फिरून, घरोघरची उसळ खाऊन परत आले तेव्हा न्हाणीघरातून घासण्याचा आवाज येत होता.

आत मोठ्या घंगाळात दगड होते. सगळे. अक्का पदर खोचून बसली होती, शेजारी चिंचेचा कोळ, शिकेकाई आणि काथ्या, आणि एकेक दगड ती देवाच्या उपकरण्यांसारखा घासत होती. धुतलेले दगड पाटावर ओळीनं निथळत ठेवलेले. इतके स्वच्छ दगड मी जन्मात पाहिले नव्हते. क्लोजपेटचा गुलाबी तर नुकत्याच न्हालेल्या बाळासारखा दिसत होता. पण कुठल्याच दगडावर चिठ्ठी नव्हती. मी विचारलं, अक्का, चिठ्ठ्या? तिनं मागच्या अंगणाकडे मान वळवली. तिथे उन्हात सूप ठेवलेलं होतं आणि सुपात सगळ्या चिठ्ठ्या सांडग्यांसारख्या सुटसुटीत वाळत घातलेल्या होत्या.

"टाकल्या नाहीत मी," अक्का म्हणाली. "एकही फाटली नाही. वाळल्या की परत लावा. उष्टे धोंडे मी देवीच्या पायरीला लावू देणार नाही."

तेवढ्यात अण्णा आले. हातात कोहळा आणि झेंडूची पुडी. त्यांनी घंगाळ पाहिलं, सूप पाहिलं, आणि कोहळा मांडीवर घेऊन न्हाणीच्या उंबऱ्यावर बसले. मला वाटलं, आता प्रथमच या घरात आरडाओरडा होणार. पण अण्णा एवढंच म्हणाले, "अक्का, चिठ्ठ्या आहेत, दगड आहेत. कुठली कुणाची?" अक्काचा काथ्या हातातच राहिला. तिला खरंच वाटलं होतं की ज्याचे दगड त्याला ते ओळखू येत असणार, जशी तिला तिची भांडी यायची, शेजारच्या लग्नात मिसळली तरी. मग तिचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत मी अक्काला कुणाची क्षमा मागताना पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशीही तिनं मागितली नाही. ती उठून आत गेली आणि कॉफीच्या बिया भाजायला लागली, सभा नसताना.

अण्णांनी सुपातून एक चिठ्ठी उचलली आणि वाचली. बहुधा स्वतःशीच वाचली. मी पाटावरून दगड उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी भिंग लावलं, मान हलवली, दुसरी चिठ्ठी वाचली. मी दुसरा दगड दिला. मला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. वर्षातून दोनदा प्रत्येकाला मांडीवर घेऊन पुसलेलं असताना कोण कोण आहे हे कळणारच. कोलारची गारगोटी वजनानं कळायची, मागडी रस्त्यावरचा पट्ट्यांचा दगड कोपऱ्यातल्या टवक्यावरून, नंदीचा त्याच्या मिठासारख्या चकाकण्यावरून. काही ठिकाणी अडायचं. मग मी अक्का बघत नाही ना एवढं पाहून जीभ लावायची आणि अण्णाही लावायचे, आणि आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवायचो. पूजेसाठी हातोड्या घेऊन मेष्ट्रू आणि नंजुंडय्या आले ते दारातच उभे राहिले. नंजुंडय्या खाली बसले आणि जुळलेल्या जोड्या रुमालावर मांडायला लागले. सूप रिकामं होत आलं, आणि शेवटी दोन दगड आणि दोन चिठ्ठ्या उरल्या.

दोन्ही दगड काळे. आमच्या भागात पांढुरक्या खडकात मधूनच काळ्या पट्ट्या जातात. फार पूर्वी भेगांतून तापलेला रस वर आला आणि तिथेच थिजला, त्या ह्या पट्ट्या. (परवा मुलाच्या महादेवपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये ओट्यावर असलाच दगड पाहिला. दुकानदारानं ब्लॅक ग्रॅनाइट म्हणून विकला होता. ग्रॅनाइट नव्हे तो, असं मी म्हटलं, तर सूनबाई म्हणाल्या, पण डाग पडत नाहीत.) त्या दोन दगडांपैकी एक बारीक कणांचा, शाळेच्या पाटीसारखा. दुसऱ्याचे कण मोठे, काळ्यात पांढरे तीळ मिसळल्यासारखे. एक चिठ्ठी आनेकलची, तळ्यामागच्या खाणीतली, दुसरी कनकपुरा रस्त्याची. दोन्ही दगड मंडळाच्या एका जुन्या सभासदांनी आणलेले होते. ते गृहस्थ वारले होते आणि त्या दोन्ही जागी दुसरं कुणी गेलेलं नव्हतं. अण्णा म्हणाले, आनेकलचा हा मोठ्या कणांचा. त्या बाजूच्या पट्ट्या रुंद असतात, रुंद पट्टी सावकाश निवते, म्हणून कण मोठे होतात. मी म्हणाले, नाही. आनेकलचा बारीक.

मला खात्री होती. लहानपणी भातुकलीत मी त्याच काळ्या दगडाचा वरवंटा करून वेलदोडे वाटत होते, आणि अण्णा ओरडले होते, आनेकलचा दगड खाली ठेव. ती हाक माझ्या कानात जशीच्या तशी होती. अण्णांनी माझं ऐकलं आणि परत मोठ्या कणांच्या दगडावर बोट ठेवलं. मी परत नाही म्हणाले. बाहेरच्या माणसांसमोर मी वडिलांना असं कधी बोलले नव्हते. आतून बिया भाजण्याचा आवाज थांबला.

मेष्ट्रूंनी हात वर केला. ते आमच्याशी बोलताना कन्नडच बोलत, पण त्या दिवशी, मला नीट कळावं म्हणून की काय, मोडक्या मराठीत बोलले. "शंका कोण काढलं?"

"ती लहान आहे," अण्णा म्हणाले. "तिच्या वतीनं मी जाऊन येतो."

"तुमाला शंका हाय का?"

अण्णांनी दोन्ही काळ्या दगडांकडे पाहिलं.

"मग तुमी जाऊन काय करणार? जिचं शंका, ती येणार. येत्या रविवारी आनेकल." आणि मेष्ट्रूंनी खाली वाकून हातोड्या देवीपुढे मांडायला घेतल्या. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

प्रदर्शन छान झालं. गल्लीतल्या बायका बाहुल्या बघून खाली वाकायच्या आणि म्हणायच्या, अय्यो, दगड सुद्धा किती लखलखीत. अक्का ते ऐकून न ऐकल्यासारखं करत होती. ते दोन काळे दगड चिठ्ठीविना बसले होते आणि मला सारखं वाटत होतं की सगळे त्यांच्याकडेच बघताहेत. माझं सगळं त्या दोघांवर टांगलेलं होतं. मी बरोबर ठरले तर अण्णांना कबूल करावं लागेल की मला हे शास्त्र येतं, चुकले तर मुकाट्यानं धारवाड. असा हिशेब मीच मनाशी घातला होता, दुसऱ्या कुणी नव्हे. शनिवारी अक्कानं अण्णांचे जुने कॅनव्हासचे बूट काढले, पुढे चिंध्या कोंबल्या आणि माझ्या पायाला बसतात का ते पाहिलं. जा म्हणाली नाही, जाऊ नको म्हणाली नाही. रविवारी सकाळी केळीच्या पानात बांधलेला दहीभात आणि लिंबाचं लोणचं माझ्या हातात ठेवलं. पुडी माझ्या एकटीच्या भुकेपेक्षा बरीच मोठी होती.

कलासिपाळ्यमहून बस निघाली. आता त्या रस्त्यावर वरून जाणारा पूल आहे, इलेक्ट्रॉनिक सिटीचे काचेचे डोंगर आहेत, आणि आनेकल कधी आलं ते कळतही नाही. तेव्हा होसूर रोडला गाव मागे पडलं की दोन्ही अंगांना रागीची शेतं लागत, नुकती कणसं धरलेली. मी खिडकीशी, शेजारी अण्णा, मागे मेष्ट्रू आणि नंजुंडय्या. अण्णा सगळी वाट त्या दोन दगडांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. आनेकलला उतरून तळ्याच्या बांधावरून चालत गेलो. खाण दिसण्याच्या आधी ऐकू आली. छिन्न्यांचा आवाज, पुष्कळ छिन्न्यांचा, पण एकाच लयीत नाही. खाणीत पुरुष दगड फोडत होते आणि बायका तो डोक्यावरून वर आणत होत्या. एक माझ्याच वयाची, कडेवर मूल, डोक्यावर पाटी. बायकांना ओझी झेपत नाहीत म्हणणारे माझे वडील बाजूला सरकले आणि त्यांनी तिला वाट दिली.

काळी पट्टी खाणीच्या पाठच्या भिंतीत होती. लांबूनच दिसत होती, पांढऱ्या खडकात उभी घुसलेली, बैलगाडी जाईल इतकी रुंद. रुंद पट्टी, मोठे कण, हे अण्णांचं बोलणं मला तिथेच आठवलं. मेष्ट्रूंनी आपली हातोडी माझ्या हातात दिली. कुंकवाचा डाग अजून तिच्या दांड्यावर होता. पहिला घाव घसरला आणि माझ्याच हाताला झिणझिण्या आल्या. नंजुंडय्या पुढे झाले, पण अण्णांनी त्यांना नुसत्या नजरेनं थांबवलं. मला एवढंच म्हणाले, दांडा शेवटाला धर आणि हातोडीला तिचं काम करू दे. दुसरा घाव बसला. तिसऱ्याला तुकडा निघाला, हाताएवढा, आतून करकरीत काळा. मी त्याला जीभ लावली. ओल्या भागात पांढरे तीळ वर आले, मोठे, स्वच्छ, भिंगाची गरज नसलेले. पट्टीच्या दुसऱ्या जागी फोडला, तिथेही तेच. पिशवीतून ते दोन दगड काढून शेजारी धरले. मोठ्या कणांचा आणि हा, सख्खे भाऊ.

अण्णांची हाक खोटी नव्हती. भातुकलीत माझ्यासमोर दोन्ही दगड असणार, आणि हातात कुठला होता ते मी इतक्या वर्षांत बदलून टाकलं होतं. आता या वयात एवढ्या मागचं लिहिताना मला हे अधूनमधून आठवतं, आणि मग मी स्वयंपाकघराच्या खिडकीचा रंग कुठला होता असल्या गोष्टी पैजेवर सांगायचं टाळते.

"मी चुकले," मी म्हणाले. आवाज मला वाटला त्यापेक्षा बरा निघाला. मेष्ट्रूंनी मान डोलावली आणि खाली बसून पुडी सोडायला लागले. आम्ही चौघांनी तिथेच सावलीत दहीभात खाल्ला. नंतर ते तिघं खाणीत हिंडले, इकडचा तिकडचा दगड फोडत, आणि जाडजूड खाकी पिशवी भरत गेली. निघायची वेळ झाली तेव्हा नंजुंडय्यांनी नेहमीच्या सवयीनं, की माझ्या तोंडाकडे बघून, पिशवी उचलली. "मगू, बाळा, मी घेतो," म्हणाले.

"नको," अण्णा म्हणाले. "पिशवी तिची आहे."

त्यांनी ती नंजुंडय्यांच्या हातातून घेतली आणि माझ्या खांद्यावर अडकवली. पट्टा पिळला होता तो सरळ केला. ओढणीची घडी करून त्याच्याखाली सरकवली. ज्या माणसानं मला कधी पाण्याची कळशी उचलू दिली नव्हती, जे अक्काला तू तिला राबवतेस म्हणून बोलले होते, त्यांनी ते ओझं माझ्यावर ठेवलं आणि दोन पावलं मागे होऊन पाहिलं. मी वाकले, मग सरळ झाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते ओझ्यानं नव्हे, आणि ते अण्णांनाही कळलं असावं, कारण त्यांनी लगेच चष्मा पुसायला काढला. बांधावरून परत येताना ते माझ्यापुढे चालत होते. मध्येच थांबले, वाटेतला एक दगड उचलून फोडला, जीभ लावली, मला दाखवला. मीही लावली. काय आहे, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "बरोबर," म्हणाले, आणि तोही दगड माझ्याच पिशवीत टाकून पुढे चालायला लागले. मंडळातले लोक एकमेकांशी असंच वागत.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागायचे होते. मी पिशवी माजघरात उतरवली. अक्कानं माझ्या खांद्यावरची ओढणी बाजूला करून पाहिलं. पट्ट्यानं लाल वळ उठवला होता. खोबरेल तेल कोमट करून तिनं तो बराच वेळ चोळला, इतक्या हलक्या हातानं की ती चोळतेय की नुसता हात ठेवून बसलीय ते कळत नव्हतं. अण्णा बाहेर पाय धूत होते. तिथूनच म्हणाले, अक्का, धारवाडला कळवायचं राहिलंय.

"कळवते मी," अक्का म्हणाली. "येत नाही म्हणून."

बाहेरचा पाण्याचा आवाज थांबला, मग परत सुरू झाला. मी मान वर केली तर अक्कानं माझं डोकं धरून परत खाली केलं, वळ अजून चोळायचा होता. मग तिनं पिशवीतला काळा तुकडा उचलला, दिव्याजवळ नेला, उलटासुलटा करून पाहिला.

"हा चाटलास?"

"हो."

"आणि त्यानं?"

"त्यांनीही."

तिनं तुकडा माझ्या हातात दिला आणि न्हाणीघराकडे बोट केलं. "आधी धू. सरीक्क, नीट वाळू दे. मग चिठ्ठी लाव, तुझ्या अक्षरात." मी उठले तशी मागून म्हणाली, "खळ करून ठेवलीय चुलीपाशी."

मी बोट घालून पाहिलं. मैदा चांगला शिजलेला होता, तुरटी घातलेली होती, आणि वाटी अजून कोमट होती.